हार्ड रॉक गाण्याचा अर्थ लावायचा तर कडव्यापासून सुरुवात करा

रॉक गाण्यांचे अर्थ चुकतात ते बहुतेक कोरसमुळे. तो तीन-चार वेळा येतो, वरच्या पट्टीत येतो, मैदानातली गर्दी तेवढाच म्हणते, आणि सगळं गाणं त्या एका ओळीचं आहे असं वाटू लागतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' (1984) घ्या. कोरस ऐकला तर देशाभिमानाचा जयघोष. कडव्यांमध्ये मात्र व्हिएतनामहून परतलेला एक माणूस आहे. रिफायनरीत त्याला काम मिळत नाही, सरकारी कचेरीतून तो रिकाम्या हाताने परत येतो आणि त्याचा भाऊ खे सान्हच्या लढाईतून परतलेला नाही. कोरस हाच माणूस म्हणतो आहे हे लक्षात आलं की त्याच ओळीत तक्रार ऐकू येते. म्हणून आधी कडवी समजून घ्यायची आणि कोरस शेवटी वाचायचा.

त्याआधी शब्द बरोबर हवेत. गाणं हेडफोन लावून दोनदा नुसतं ऐका, तिसऱ्यांदा थांबवत थांबवत लिहून काढा. जिथे शब्द लागत नाही तिथे अंदाज लिहू नका. जागा सोडा आणि मिनिट-सेकंद नोंदवा. मगच छापील शब्दांशी ताडून पाहा. अल्बमच्या कव्हरवर किंवा आतल्या पुस्तिकेत छापलेले शब्द सर्वांत भरवशाचे, पण छापलेलं आणि गायलेलं वेगळं असेल तर त्या ध्वनिमुद्रणापुरतं गायलेलं खरं. इंटरनेटवरचे शब्द बरेचदा चाहत्यांनी ऐकून टाइप केलेले असतात आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे उतरवले जातात. त्यामुळे दहा ठिकाणी एकच ओळ दिसली म्हणून ती दहा साक्षीदारांनी सांगितली असं होत नाही.

लाइव्ह ध्वनिमुद्रणावरून शब्द नक्की करायला जाऊ नका. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडच्या 'बॅड मून रायझिंग' (1969) मध्ये अशुभ चंद्र उगवल्याची ओळ आहे. ती ('बॅड मून ऑन द राइझ') 'बाथरूम उजवीकडे आहे' ('बाथरूम ऑन द राइट') अशी इतक्या लोकांना ऐकू आली की बँडचा गायक जॉन फोगर्टी स्वतः मंचावर गमतीने तसं गाऊ लागला. कव्हर आवृत्त्यांमध्येही, म्हणजे दुसऱ्या कलाकारांनी तेच गाणं पुन्हा गायलं की, शब्द बदलतात. अभ्यास मूळ स्टुडिओ आवृत्तीचाच करावा.

मग शब्द कोणी लिहिले ते पाहा, कारण गाणारा आणि लिहिणारा एकच असतो असं नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचे शब्द ऑझी ऑस्बॉर्न गायचा, पण त्यांतले बहुतेक बासवादक गीझर बटलरचे. रश या बँडमध्ये गेडी ली गायचा आणि लिहायचा ड्रमर नील पिअर्ट. ऑझीच्या आयुष्यातले प्रसंग बटलरच्या ओळींना जोडले की पुढचं सगळं वाचन वाकडं जातं.

लिहिणारा कळला तरी गाण्यातला 'मी' कोण हा प्रश्न उरतोच, आणि हार्ड रॉकमध्ये तो सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्येक कडव्याच्या समासात बोलणाऱ्याचं नाव लिहा. आयर्न मेडनचं 'रन टू द हिल्स' (1982) या सरावाला उत्तम. सुरुवातीचा संथ भाग उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी क्री जमातीच्या माणसाच्या तोंडी आहे: समुद्रापलीकडून गोरा माणूस आला, आम्ही लढलो, पण ते फार होते. त्यानंतर ताल एकदम घोड्याच्या टापांसारखा धावू लागतो आणि बोलणारा बदलतो. आता घोडदळातला सैनिक मूळ रहिवाशांचा पाठलाग करण्याबद्दल उत्साहाने सांगतो आहे. तिसऱ्या भागात बाहेरून पाहणारा कोणीतरी त्याच सैनिकांच्या अत्याचारांची यादी देतो. समासात तीन नावं लिहिली नाहीत तर सैनिकाची भाषा बँडची भाषा वाटते आणि गाणं वंशद्वेषी ठरवलं जातं. डोंगराकडे पळा, हा कोरस कोणाचा? जमातीतला माणूस आपल्या लोकांना सावध करतो आहे असं वाचता येतं, सैनिक हाकारा घालतो आहे असंही वाचता येतं. दोन्ही वाचनं टिकतात, दोन्ही लिहून ठेवा. इथे आवाज बदलल्याची खूण तालातच आहे, म्हणून नुसते शब्द वाचून भागत नाही.

'मी' म्हणजे चक्क सैतान, असंही असतं. रोलिंग स्टोन्सच्या 'सिंपथी फॉर द डेव्हिल' (1968) मध्ये तो इतिहासातल्या एकेका हत्याकांडाजवळ आपण हजर होतो असं सांगतो. त्यात केनेडींच्या हत्येची ओळ आधी एकवचनी, म्हणजे फक्त राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींबद्दल होती. जून 1968 मध्ये ध्वनिमुद्रण चालू असतानाच त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी मारले गेले आणि ती अनेकवचनी झाली. गाणं कधी प्रकाशित झालं याबरोबर ते कधी ध्वनिमुद्रित झालं हेही नोंदवायचं, ते अशा बदलांसाठी.

साल आणि गाव यांवर थोडा जास्त वेळ द्या. लिनर्ड स्किनर्डचं 'स्वीट होम अलाबामा' (1974) वरवर गावाकडच्या ओढीचं गाणं आहे. दुसऱ्या कडव्यात गायक नील यंगचं नाव घेऊन त्याला उत्तर दिलेलं आहे, म्हणून आधी त्याची 'सदर्न मॅन' (1970) आणि 'अलाबामा' (1972) ही गाणी ऐकावी लागतात. दोन्हींत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णद्वेषावर टीका आहे. तिसऱ्या कडव्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या लोकांना गव्हर्नर आवडतो अशी ओळ येते. हा गव्हर्नर म्हणजे जॉर्ज वॉलेस, काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचा कट्टर पुरस्कर्ता. बर्मिंगहॅममध्येच 1963 साली चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या होत्या. या ओळीमागे कोरसवाल्यांचा हुर्यो ऐकू येतो, आणि घाईने उतरवलेल्या शब्दांतून नेमका तोच गळतो. हुर्यो धरला तर ओळ वॉलेसच्या विरोधात झुकते, सोडला तर त्याच्या बाजूने. लगेच पुढे वॉटरगेटचं (राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या कारकिर्दीतल्या घोटाळ्याचं) मला काही वाटत नाही, तुमची सदसद्विवेकबुद्धी तुम्हाला टोचते का, असा प्रश्न आहे. म्हणजे साऱ्या दक्षिणेला एका गव्हर्नरवरून तोलणार असाल तर उत्तरेनेही निक्सनचा हिशेब द्यावा. बँड फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची होती, अलाबामाची नव्हे, हेही इथे कामाचं. यंगने पुढे आत्मचरित्रात आपल्या 'अलाबामा'ला हे उत्तर मिळायलाच हवं होतं असं मान्य केलं. तरीही गाणं पूर्ण निर्दोष ठरत नाही. हुर्यो पुसट आहे आणि कोरस दणदणीत, आणि लोकांनी दोन्ही अर्थांनी ते आपलं मानलं आहे.

शीर्षकावर विसंबू नका. लेड झेपेलिनचं 'कश्मीर' (1975) काश्मीरबद्दल नाही. बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याला त्याचे शब्द दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातल्या लांबलचक रस्त्यावर सुचले. तो आणि गिटारवादक जिमी पेज 1972 मध्ये मुंबईत स्थानिक वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले होते, म्हणून आपल्याला या गाण्यात भारत शोधावासा वाटतो. शब्दांत मात्र मुख्यतः ऊन, वाळू आणि प्रवास आहे. डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' (1972) नावावरून नशेचं वाटतं, पण ते जवळजवळ बातमी आहे. 4 डिसेंबर 1971 रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूच्या कॅसिनोत फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर गन (प्रकाशाचा इशारा सोडणारी बंदूक) झाडली, इमारत जळाली आणि जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला. मुलांना बाहेर काढणारा 'फंकी क्लॉड' म्हणजे माँत्रूच्या जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लॉड नॉब्स. अशा गाण्यात प्रतीक शोधण्याआधी प्रत्येक नाव आणि ठिकाण तपासा. सगळी जुळली तर प्रतीकाची गरज उरत नाही.

सैतान आणि नरक दिसले की ते कशासाठी आणले आहेत हे विचारा. ब्लॅक सॅबथच्या 'वॉर पिग्ज' (1970) मध्ये सेनापतींची तुलना काळी पूजा करणाऱ्या चेटकिणींशी केली आहे आणि शेवटी न्यायाच्या दिवशी तेच सेनापती गुडघ्यांवर येतात. सैतानाची भाषा इथे युद्धखोरांना दोषी ठरवायला वापरली आहे. एसी/डीसीच्या 'हायवे टू हेल' (1979) मागे सततच्या दौऱ्यांचं दमवणारं आयुष्य आहे. रेकॉर्ड उलटी वाजवून संदेश शोधण्याचा नाद सोडा. उलटे आवाज काय म्हणतात ते आधी सांगितलं की कानाला तेच ऐकू येतं.

आता मुलाखती. आपलं वाचन लिहून झाल्यावरच त्या वाचा, नाहीतर डोळे फक्त सांगितलेलं शोधतात. गाणं आलं त्या काळातल्या मुलाखतीला तीस वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा जास्त वजन द्या. लेखकाने सांगितलेला हेतू हा भक्कम पुरावा आहे, पण ओळींची जागा तो घेत नाही. ब्लू ऑयस्टर कल्टच्या 'डोन्ट फिअर द रीपर' (1976; रीपर म्हणजे मृत्यू) ला अनेकांनी आत्महत्येचं आमंत्रण मानलं. लिहिणारा बक धर्मा म्हणाला की आपल्याला मृत्यूपलीकडे टिकणारं प्रेम म्हणायचं होतं, आणि रोज चाळीस हजार माणसं जातात हा आकडा अंदाजाने घेतला होता. कागदाचे दोन उभे रकाने करा: एकात त्याच्या म्हणण्याला आधार देणाऱ्या ओळी, दुसऱ्यात विरुद्ध जाणाऱ्या. पहिल्यात ऋतू, वारा, सूर्य आणि पाऊस मृत्यूला भीत नाहीत ही ओळ येईल. दुसऱ्यात रोमिओ-ज्युलिएटचा उल्लेख आणि शेवटच्या कडव्यात हात धरून निघून जाणारी मुलगी. दुसरा रकाना रिकामा होत नाही, म्हणून त्या गाण्याखाली दोन अर्थ लिहावे लागतात.