चाहत्यांच्या घरी: कादंबरीकाराने पहिल्या कन्व्हेन्शनला जाताना

पहिल्या कन्व्हेन्शनला, म्हणजे कथा-कादंबऱ्यांच्या चाहत्यांच्या संमेलनाला, निघाले तेव्हा माझ्या बॅगेत माझ्याच कादंबरीच्या ४० प्रती होत्या. चौथ्या दिवशी त्यातल्या ३३ परत भरल्या. ती बॅग उचलताना खांद्यात उठलेली कळ अजून आठवते, आणि तिच्यामुळेच हे लिहायला बसले आहे. विज्ञानकथा, रहस्यकथा, भयकथा, अद्भुतकथा, यांतलं काहीही लिहिणाऱ्या नव्या लेखकाने अशा कन्व्हेन्शनला, थोडक्यात ‘कॉन’ला, जावं असं मला मनापासून वाटतं. फक्त आपण कुणाच्या घरी चाललो आहोत, हे आधी ठाऊक असावं.

ते घर चाहत्यांचं आहे. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथांचं जागतिक संमेलन भरलं, ते प्रकाशकांनी भरवलं नव्हतं. विज्ञानकथांची मासिकं झपाटल्यासारखी वाचणाऱ्या, एकमेकांना पत्रं लिहिणाऱ्या पोरांनी भरवलं होतं. महायुद्धात १९४२ ते १९४५ खंड पडला, पण पुढे ते चालूच राहिलं. दरवर्षी गाव बदलतं आणि पुढचं गाव सदस्य मतदानाने ठरवतात. रहस्यकथावाल्यांचं बाउचरकॉन १९७० पासूनचं, लेखक-समीक्षक अँथनी बाउचर यांच्या नावाने सुरू झालेलं. अशा चाहत्यांच्या कॉनमध्ये नोंदणीच्या टेबलावर बसलेली बाई, माइक जोडणारा मुलगा आणि अध्यक्ष हे सगळेच स्वयंसेवक असतात. तिथे ‘तिकीट’ म्हणत नाहीत, ‘सदस्यत्व’ म्हणतात. लेखकही बहुतेक वेळा बाकीच्यांसारखाच सदस्य असतो. सिनेमातले नट येतात, सहीला पैसे पडतात, ते मोठे व्यापारी मेळे वेगळे. तिथेही मजा असते, पण मी ज्याबद्दल बोलते आहे ते हे नव्हे.

सदस्यत्वाला खरा अर्थ असतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचे ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्ल्डकॉनमध्ये दिले गेले. त्यांची नामांकनं आणि अंतिम मतदान आजही सदस्यच करतात, परीक्षक मंडळ वगैरे काही नाही. त्याच मतपत्रिकेवर नव्या लेखकासाठी अ‍ॅस्टाउंडिंग पुरस्कार असतो. विज्ञानकथा किंवा अद्भुतकथेतलं तुमचं पहिलं व्यावसायिक लेखन छापून आल्यापासून दोनच वर्षं त्याची पात्रता टिकते. मला हे कळलं तेव्हा माझी मुदत संपून गेली होती. तुमची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

आता कामाचं. कार्यक्रमात भाग घ्यायचा असेल तर कित्येक महिने आधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. ‘कोणत्या विषयांवर बोलू शकाल?’ या प्रश्नापुढे पहिल्या वर्षी मी फक्त माझ्या कादंबरीचे विषय लिहिले. एक परिसंवाद मिळाला, तोही शेवटच्या दिवशी सकाळी. पुढच्या वेळी खरं काय ते लिहिलं: बारा वर्षं प्रयोगशाळेत रक्ततपासणीचं काम केलं आहे, विषबाधेचे नमुने हाताळले आहेत, बहिऱ्या भावासोबत वाढल्यामुळे खुणांची भाषा येते. चार परिसंवाद मिळाले. ‘रहस्यकथेतलं विष आणि खरं विष’ या विषयाला तर लोक भिंतीला टेकून उभे होते. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. रक्तातून विष शोधायला किती वेळ लागतो आणि कथेतला पोलीस ते अर्ध्या तासात कसं शोधतो, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. तुमच्या आयुष्यात असं काही ना काही असतंच. मधमाश्या पाळल्या असतील, जहाजावर नोकरी केली असेल. ते फॉर्मवर लिहा.

परिसंवाद साधारण तासाभराचा असतो, चार-पाच वक्ते आणि एक सूत्रधार. सूत्रधाराचा ईमेल आला की उत्तर द्या, बरेच जण देत नाहीत आणि मग सगळेच मंचावर चाचपडतात. स्वतःचं पुस्तक ओळख करून देताना एकदा दाखवायचं आणि खाली ठेवायचं. मी पहिल्या परिसंवादात दर उत्तराला ‘माझ्या कादंबरीत’ अशी सुरुवात करत होते. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या मुलीने मान खाली घातली आणि कार्यक्रमपत्रिका चाळायला लागली. त्या खाली गेलेल्या मानेनं मला जे शिकवलं ते कुठल्या कार्यशाळेनं शिकवलं नाही. शेजारच्या वक्त्याचं पुस्तक वाचलेलं असेल तर त्याविषयी बोला. ऐकणारे दोन्ही नावं लिहून घेतात.

आणि माइक वापरा. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माइक लागत नाही’ असं म्हणणारा लेखक दिसला की मला राग येतो. ज्याला ऐकू येत नाही तो भर सभेत हात वर करून ते सांगत नाही, तो गुपचूप उठून जातो. माझा भाऊ असा कित्येकदा उठून गेलेला आहे.

कथावाचनाला अर्धा तास मिळाला तर वीस मिनिटांचं वाचा. मागचं काही सांगावं न लागणारा प्रसंग निवडा.

पण सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे काफेक्लाच. नाव जर्मन, प्रकार साधा: लेखक आणि आधी नाव नोंदवलेले आठ-दहा वाचक एका टेबलाभोवती बसतात आणि गप्पा मारतात. माझ्या पहिल्या टेबलावर तिघंच आले. त्यांतले एक गृहस्थ, साठी उलटलेले, माझी कादंबरी घेऊन आले होते. पानापानांतून कागदाच्या पट्ट्या डोकावत होत्या. सोबत चौकटीची वही. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. कादंबरीतल्या प्रत्येक रात्रीची नोंद होती, पुढे पेन्सिलने चंद्र काढलेला.

“पान ११२, पौर्णिमा,” ते म्हणाले. “तुम्हीच लिहिलंय. त्यानंतर अकराव्या रात्री, दहाच्या सुमाराला, नायिका पूर्ण चंद्राच्या उजेडात कुलूप उघडते.”

मी बोटांवर मोजलं. कृष्ण पक्षातली एकादशी. चंद्र उगवणार पहाटे, आणि तोसुद्धा कोरीएवढा. संपादकाने, मुद्रितशोधकाने आणि मी स्वतः निदान आठ वेळा वाचलेला प्रसंग होता तो. मला वाटलं, आता हे पुस्तक परत करतील. त्यांनी विचारलं, “अंधारात तिला कुलूप उघडता येईल का? तिच्या बोटांना सवय आहे, असं तुम्ही पान ४० वर म्हटलंय.” दुसऱ्या आवृत्तीत तो प्रसंग काळोखात आहे. नायिका चाचपत कुलूप शोधते आणि वाचकांची पत्रं येतात ती बहुतेक त्याच पानाबद्दल.

इतक्या जवळून कुणी आपलं वाचतं, हे घरात बसून लिहिताना कळत नाही. विक्रीच्या आकड्यांतूनही कळत नाही.

पुस्तकं विकण्याचं म्हणाल, तर विक्रेत्यांच्या दालनात एखाद्या पुस्तकवाल्याशी आधी बोलून दहा प्रती त्याच्याकडे ठेवा. खूणपत्रं (बुकमार्क) वाटायची असतील तर त्यासाठी वेगळं टेबल असतं. संपादक आणि एजंट संध्याकाळी लॉबीत भेटतात, पण त्यांना जिन्यात गाठून कथानक ऐकवू नका. ‘सध्या काय लिहिताय?’ असं त्यांनी विचारलं तर दोन वाक्यं तयार असू द्या. वेशभूषा करून आलेल्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि त्यांच्या कपड्यांना हात लावायचा नाही. बिल्ल्यावर पुस्तकावर छापलेलंच नाव घ्या, नाहीतर वाचक समोरून निघून जातो.

शरीराचीही काळजी घ्या. जुनी कॉनवाली माणसं ५-२-१ चा नियम सांगतात: रोज निदान पाच तास झोप, दोन वेळचं जेवण, एक आंघोळ. हा नियम मी मोडला त्या वर्षी घरी आल्यावर आठवडाभर तापाने अंथरुणावर होते. गर्दीच्या दालनात मी आता मास्क लावते.

परतीचा प्रवास शक्यतो समारोपाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. समारोप झाल्यावर उरलेली दमलेली माणसं एकत्र जमतात, त्या बैठकीला ‘डेड डॉग पार्टी’ म्हणतात. पहिल्या वर्षी मी दुपारीच निघाले होते. दुसऱ्या वर्षी थांबले आणि आवराआवरीला हात लावायला दालनात गेले. खुर्च्या एकावर एक रचत होते, तर पलीकडे माइकच्या वायरी गुंडाळत ते चंद्रवाले गृहस्थ उभे. कित्येक वर्षं ते ध्वनिव्यवस्थेचं काम बघतात, हे मला तेव्हा कळलं. दुसरी आवृत्ती त्यांनी वाचली होती. वायरींचं वेटोळं खोक्यात ठेवून त्यांनी विचारलं, नव्या कादंबरीत चंद्र आहे का?

आहे म्हटल्यावर त्यांनी खिशातून चौकटीची वही काढली आणि पहिली पौर्णिमा कुठल्या प्रकरणात येते ते विचारून घेतलं.