चिरा कापताना बोटं शाबूत ठेवायची तर

कोकणात घर बांधायला काढलं की जांभ्याचा चिरा आला, आणि चिरा आला की चार इंची ग्राइंडर आलाच. साइटवर सगळे त्याला कटर म्हणतात. मोकळा फिरताना तो मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो आणि चकतीची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर पळते. चकती कापात अडकली की मशीन उसळतं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, म्हणून सगळी काळजी बटण दाबण्याआधीची.

आधी चकती बघा. तिच्यावर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवा. सात इंची चकतीवर साधारण 8,500 लिहिलेलं असतं. खोल कापायला म्हणून गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढून ती चार इंचीवर चढवली, तर ती फिरताफिरता फुटू शकते आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. दगडाच्या पातळ चकतीच्या मधल्या लोखंडी कड्यावर मुदतीची तारीख असते, तीही वाचा. पावसाळ्यात ओल्या शेडमध्ये पडलेली चकती दमट होऊन कमजोर होते. कोरड्या डब्यात, आडवी ठेवा. नवी चकती बसवल्यावर बाजूला उभं राहून अर्धा मिनिट मोकळी फिरवा.

चौकटीसाठी लाकडाचं दातेरी ब्लेड या मशीनवर लावतात, ते कधीच लावू नका. दात लाकडात रुततात आणि मशीन थेट हातावर येतं. लाकडाला सर्क्युलर सॉ वापरा, त्याचा खालचा गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटतो.

चिरा पायाने दाबून धरायची सवय मोडा. तो सपाट जागी ठेवून दोन्ही बाजूंनी अडकवा. कापलेला भाग खाली बसून चकतीला आवळणार नाही, असा आधार द्या. बाजूची मूठ लावूनच दोन्ही हातांनी धरा. एकदम खोल जाऊ नका, दोन-तीन फेऱ्यांत कापा. कापात चकती तिरकी केली की उसळलीच समजा.

आपल्याकडे लाईट जाते-येते. सरकवायचं बटण चालू राहिलं असेल, तर लाईट येताच जमिनीवर ठेवलेलं मशीन आपोआप सुरू होतं. लाईट गेली की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. चकती बदलतानाही प्लग काढायचाच. विणलेले सुती हातमोजे घालू नका, दोरा गुंतला की बोट ओढलं जातं. ड्रिलवर तर कुठलेच हातमोजे नकोत.

एवढं करूनही बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं न उघडता दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. बोटाला दोरी किंवा तार आवळू नका. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. कातडीवर लोंबणारं बोट तोडू नका, जागेवर ठेवून हलकं गुंडाळा.

सुटं झालेलं बोट टाकू नका. सलाईनने हलकं धुवा, नाहीतर स्वच्छ पाण्याने. सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ मासळीवाल्याकडे मिळेल, पण तो थेट बोटाला लागता कामा नये, नाहीतर पेशी गोठून मरतात. नीट थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं, उन्हात ठेवलेलं लवकर वाया जातं.

108 ला फोन करा. बोट जोडायला मायक्रोसर्जरी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडायची शस्त्रक्रिया, लागते, ती प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. रत्नागिरीहून कोल्हापूर, सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळी, रायगडातून मुंबई. सर्जन आहे का ते फोनवर विचारून घ्या, पावसात घाट चालू आहे का तेही. जखमीला वाटेत चहापाणी देऊ नका, भूल द्यावी लागेल. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं आणि बोट नेमकं किती वाजता तुटलं, हे कागदावर लिहून सोबत द्या. किती तास उलटले, हे सर्जनला त्यावरूनच कळतं.