नागपुरात जुळं घर बांधताय? आधी मधली भिंत ठरवा

प्लॉटची मोजणी, कागदपत्रं, माती परीक्षण झालंय असं धरतो. हद्द महापालिकेची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएची (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि मार्जिन, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, किती. ते विचारून घ्या. खोल्या किती, हे घरच्यांनी बघावं.

खरी गोची दोन चिकटून असलेल्या घरांच्या मधल्या भिंतीची. समजा ४० बाय ६० फुटांचा प्लॉट, ४० फुटांची बाजू उत्तरेच्या रस्त्याला, वाटेकरी दोन भाऊ, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. बाहेरचं ५ फूट मार्जिन गेलं की प्रत्येकाला रुंदी उरते १५ फूट, आणि एक अख्खी बाजू बिनखिडक्यांची. नकाशा काढणारा काय करतो, तर एकाचा प्लॅन उलटा करून दुसऱ्याला चिकटवतो. कागदावर झकास दिसतं. पण सूर्य काही उलटा होत नाही! पूर्वेची बेडरूम दुपारनंतर सावलीत जाते. पश्चिमेच्या घरातली तीच बेडरूम मे अखेरच्या नवतप्यात रात्री दहालाही तापलेली असते, भिंतीला हात लावून बघा. एकाचं स्वयंपाकघर आग्नेयेला आलं की दुसऱ्याचं आपोआप नैर्ऋत्येला. मग वहिनी विचारणारच, "आमच्याच वाट्याला काहून?"

म्हणून प्लॅन दोन काढा. पश्चिमेच्या घरात जिना, संडास-बाथरूम, स्टोअर पश्चिमेला टाका. पूर्वेच्या घरात जिना मधल्या भिंतीला घ्या. मधल्या भिंतीत नळाचा पाइप कोणाचाच नको. कूलरची जागा प्लॅनवरच दाखवा, आणि त्याची हवा कुठून बाहेर पडणार तेही. मार्जिनच्या खिडकीत कूलर, समोर बंद भिंत, तर तासाभरात उमस होऊन चादरी दमट. जिन्याच्या टॉवरला अगदी वर उघडता येणारी खिडकी ठेवा, हवा तिथून निघते. एसीच लावणार म्हणणाऱ्यांच्याही हॉलमध्ये शेवटी कूलरच असतो.

आता भिंत. ठेकेदार म्हणेल, ९ इंची एकच बांधू, विटा वाचतील. ऐकू नका. शेजारचा मिक्सर ऐकू येईल, आणि मजला चढवायचा तर भावाच्या खांबांकडे बघावं लागेल. खांब वेगळे, भिंती वेगळ्या, मध्ये दोनेक इंच फट. पहिल्या भिंतीला थर्माकोल शीट लावल्याशिवाय दुसरी उचलू देऊ नका. नाहीतर सिमेंटचा मसाला फटीत पडून घट्ट होतो आणि दोन भिंतींची पुन्हा एक होते. मिस्त्रीवर सोडू नका, विटांचे रद्दे (थर) चढताना स्वतः उभे राहा. गच्चीवर फटीला पत्र्याची टोपी एकाच बाजूला ठोका. दोन्हीकडे ठोकली तर घरं हलली की उखडते.

काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मधले जोडीचे खांब एकाच फुटिंगवर (पायाच्या काँक्रीटवर) घ्या आणि जोत्यापर्यंतचं काम दोघांनी एकदमच करा. "मी दोन वर्षांनी बांधतो" म्हणणाऱ्या भावाला जोत्यापुरते पैसे आत्ताच काढायला लावा. नंतर शेजारी खोदलं तर तुमच्या पायाखालची माती सुटते.

मीटर, बोअर, टाकी वेगवेगळे. वरचा मजला, फटीची दुरुस्ती, टोपीचा खर्च करारात लिहून रजिस्टर करा. गच्चीचा उतार मधल्या फटीपासून मार्जिनकडे हवा. पावसाळ्याआधी बादलीभर पाणी ओतून खात्री करून घ्या.