लिनक्सवर चालतं, विंडोजवर अडतं: सीमध्ये फाइल उघडताना या चुका टाळा

लिनक्सवर लिहिलेला, तिथे नीट चालणारा फाइल कॉपी करायचा छोटा प्रोग्राम घ्या. तो विंडोजवर कंपाइल करा आणि त्याला एक पीएनजी चित्र द्या. चित्र ४० केबीचं असो की ४ एमबीचं, फाइल उघडणाऱ्या एफओपन या फंक्शनला दिलेला मोड नुसता "आर" असेल तर प्रोग्राम त्यातून फक्त ५ बाइट वाचेल आणि फाइल संपली असं समजून थांबेल. या चुकीबद्दल कंपायलर वॉर्निंग देणार नाही, एफओपन नल (फाइल न उघडल्याची खूण) परत करणार नाही. चूक कुठे आहे हे सांगणारं तिथे कुणीच नसतं, म्हणून नवशिक्यांचे दोन-दोन दिवस यात जातात.

मोडमधला "बी" गाळणं

पाचच बाइट का, याचं उत्तर पीएनजीच्या पहिल्या ८ बाइटांत आहे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. विंडोजवर "आर" म्हणजे टेक्स्ट मोड. या मोडमध्ये सीची रनटाइम लायब्ररी १३ आणि १० ही जोडी (विंडोजमधला ओळीचा शेवट) दिसली की तिचा एकच १० करते, आणि २६ दिसला की फाइल संपली असं मानते. म्हणजे पहिले चार बाइट जसेच्या तसे येतात, जोडीचा एक होतो, आणि पुढच्या २६ वर वाचन थांबतं.

हा २६, म्हणजे कंट्रोल-झेड, सीपी/एम या डॉसआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला. त्या सिस्टिममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजली जायची. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपला हे कळावं म्हणून ही खूण घालत. डॉसने ती उचलली आणि विंडोजच्या टेक्स्ट मोडमध्ये ती आजही पाळली जाते. पीएनजी ठरवणाऱ्यांनी हे सगळं ओळखून ते बाइट मुद्दाम तिथे ठेवले: कुणी फाइल टेक्स्ट म्हणून हाताळली तर पहिल्या आठ बाइटांतच बिंग फुटावं. स्वतःचा फाइल फॉरमॅट बनवणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती शिकून घ्यावी.

लिहितानाही हेच, पण उलट. "डब्ल्यू" मोडमध्ये तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक १० चा १३ आणि १० होतो. फाइल फुगते, आतले ऑफसेट, म्हणजे बाइटांच्या जागा, सरकतात.

तेव्हा डेटा ओळींचा नसेल तर "आरबी" आणि "डब्ल्यूबी" लिहायचं. "बी", म्हणजे बायनरी, १९८९ च्या प्रमाण सीपासून आहे. लिनक्स आणि मॅकवर त्याचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे तो लिहून नुकसान नाही. मात्र "आरटी" लिहू नका, त्यातला "टी" प्रमाण सीमध्ये नाही.

मी तर साधा मजकूरही "आरबी"ने वाचतो आणि ओळीच्या शेवटचा १३ स्वतः काढतो. कारण विंडोजवर बनलेली फाइल लिनक्सवर येतेच, आणि तिथे तो १३ कुणी काढत नाही. मग सेटिंगच्या फाइलमधलं "हो" आणि कोडमधलं "हो" जुळत नाही, आणि स्क्रीनवर छापून पाहिलं तरी दोन्ही सारखंच दिसतं. फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असतील तर तेही ओलांडून पुढे जा. ती यूटीएफ-८ ची (युनिकोडची अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीची) खूण नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या घालून ठेवत.

एफगेटसीचं उत्तर कॅरमध्ये ठेवणं

फाइलमधला एकेक बाइट वाचणारं एफगेटसी इंट परत करतं. ते कॅरमध्ये घेतलं तर इंटेलच्या मशिनवर २५५ हा बाइट उणे १, म्हणजे ईओएफ या फाइल संपल्याच्या खुणेसारखा होतो, आणि फाइल मध्येच संपल्यासारखी वाटते. रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये कॅर अनसाइन्ड असतं. तिथे ईओएफशी बरोबरी कधीच होत नाही आणि लूप फिरतच राहतो. एकाच चुकीची दोन मशिनवर दोन वेगळी लक्षणं. इंट वापरा.

एफटेलने फाइलची लांबी मोजणं

एफटेल फाइलमधली सध्याची जागा सांगतं. टेक्स्ट मोडमध्ये त्याचा आकडा म्हणजे अक्षरांची संख्या नव्हे. तो फक्त एफसीकला, म्हणजे त्या जागी परत नेणाऱ्या फंक्शनला, देण्यासाठी असतो. शिवाय ६४-बिट विंडोजवरही लाँग ३२ बिटांचाच आहे, त्यामुळे २ जीबीच्या पुढे हे गणित कोसळतं. विंडोजवर एफसीकआय६४, लिनक्सवर एफसीकओ वापरावं लागतं.

नाव सगळीकडे एकसारखंच समजलं जाईल, असं धरून चालणं

एफओपनला दिलेल्या नावाचा अर्थ सीचं प्रमाण ठरवत नाही, ते काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलेलं आहे. हे एकदा पक्कं झालं की पुढची बरीच कोडी सुटतात.

पाथमध्ये साधा स्लॅश द्या, विंडोजची फाइल फंक्शन्स तो स्वीकारतात. बॅकस्लॅश एकेरी लिहिला आणि पुढच्या फोल्डरचं नाव इंग्रजी एन किंवा टीने सुरू होत असलं, तर स्ट्रिंगमध्ये नवी ओळ किंवा टॅब घुसतो. मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा फरक लिनक्स पाळतं, विंडोज आणि मॅक सहसा पाळत नाहीत. म्हणून नावातली चूक विंडोजवर लपते आणि सर्व्हरवर बाहेर येते. एफओपनला घराच्या फोल्डरसाठीचं ~ हे चिन्हही कळत नाही, ते शेलचं काम.

नावात वेळ घालायची सवय असेल तर कोलन टाळा. लिनक्सवर "अहवाल १०:३०" ही सरळ फाइल आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर मात्र "अहवाल १०" नावाची शून्य बाइटांची फाइल तयार होते आणि सगळा मजकूर तिला जोडलेल्या "३०" नावाच्या लपलेल्या प्रवाहात जातो. मजकूर हरवलेला नसतो, पण एक्सप्लोररमध्ये तो दिसत नाही.

मराठी नावं शेवटी तपासणं, किंवा तपासणंच नाही

हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने शाळेच्या गुणांचा प्रोग्राम लिहिला होता. फाइलचं नाव होतं "दुसऱ्या सत्राचे गुण". तिच्या लिनक्सवर सगळं चाललं, शाळेच्या विंडोजवर नाही. तिला सल्ला काय मिळाला, तर नाव इंग्रजीत ठेव. तो सल्ला मला मान्य नाही. शिक्षक मराठीत नाव देणार असतील तर प्रोग्रामने ते उघडलंच पाहिजे.

विंडोजवर साधं एफओपन नावाचे बाइट त्या मशिनच्या एएनएसआय कोडपेजप्रमाणे (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याच्या तक्त्याप्रमाणे) वाचतं. आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं कोडपेजच नाही, मराठी तिथे पहिल्यापासून फक्त युनिकोडमधून आली. "द" हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १६६ असे तीन बाइट. १२५२ कोडपेज असलेल्या मशिनवर त्यांची तीन असंबद्ध चिन्हं होतात. जुनी फाइल शोधत असाल तर ती सापडत नाही. नवी बनवत असाल तर विचित्र नावाची बनते. फसवणूक अशी की तोच प्रोग्राम ती फाइल पुन्हा उघडू शकतो, कारण जाताना आणि येताना चूक एकच असते. त्यामुळे तुमची स्वतःची चाचणी पास होते आणि फाइल शोधणारे शिक्षक अडकतात.

उपाय दोन. पहिला: प्रोग्रामच्या आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवा, आणि विंडोजवर उघडण्याच्या क्षणी मल्टिबाइट-टू-वाइडकॅर या विंडोजच्या फंक्शनने नाव यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे विंडोजच्या "वाइड" रूपात, बदलून डब्ल्यूएफओपन वापरा. त्याला मोडची स्ट्रिंगही वाइडच लागते. दुसरा: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामबद्दल विंडोजला माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) कोडपेज यूटीएफ-८ आहे असं जाहीर करता येतं, मग साधं एफओपनही चालतं. कमांड लाइनवरून मेनला येणारी नावंही मग नीट येतात. एरवी तिथे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं आलेली असतात आणि मूळ नाव परत मिळवायला वाव नसतो.

एवढं करूनही "दुसऱ्या" अडू शकतं, आणि तेही लिनक्सवर. यातला "ऱ" तीन तऱ्हांनी लिहिला जातो: एकच संकेतांक म्हणून, "र" आणि नुक्ता असे दोन मिळून, किंवा "र", हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्क्रीनवर तिन्ही सारखे. लिनक्स नावं बाइटांनी ताडून पाहतं, त्यामुळे त्याच्या लेखी या तीन वेगळ्या फाइली. पहिली दोन रूपं युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करण्याच्या रीतीने) एक होतात, तिसरं होत नाही, ते आपणच बदलायचं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे नाव टाइप करायला लावण्याऐवजी फोल्डरमधली यादी दाखवून त्यातून निवडायला लावणं. मग बाइट डिस्कवर आहेत तसेच एफओपनला पोचतात.

नुसतं "फाइल उघडली नाही" म्हणणं

नल आला की एररनोचा (चुकीचं कारण सांगणारा) संदेश आणि पूर्ण पाथ, दोन्ही छापा. पाथ सापेक्ष असेल तर तो प्रोग्रामच्या फोल्डरपासून नव्हे, तर चालू फोल्डरपासून मोजला जातो. आयडीईमधून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) चालतं आणि टर्मिनलमधून नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. आणखी एक: लिनक्सवर फोल्डर "आर"ने उघडला तर एफओपन यशस्वी होतं, चूक वाचताना कळते. विंडोजवर उघडतानाच नकार मिळतो. म्हणून वाचून झाल्यावर वाचताना चूक झाली का हे सांगणारं एफएररही तपासा.

मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एफओपन असुरक्षित आहे म्हणून एफओपन_एस वापरायला सुचवतो. ऐकलंत तर लिनक्सवरचं बिल्ड तुटेल, कारण ग्लिबसी या तिथल्या सी लायब्ररीमध्ये ते फंक्शन नाही. वॉर्निंग बंद करण्याचा मॅक्रो ठेवा. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग रीनेम करत असाल, तर विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर रीनेम अपयशी ठरतं, लिनक्सवर ती मुकाट्याने बदलली जाते.

माझ्या प्रोजेक्टमध्ये फाइल उघडणारं फंक्शन एकच असतं, विंडोजसाठीची वेगळी वाट त्याच्या पोटात असते, आणि बाकी कोडमध्ये एफओपन दिसलं की मी ते काढतो. त्या फंक्शनची चाचणी एकच: "दुसऱ्या सत्राचे गुण" नावाच्या फोल्डरमध्ये एक पीएनजी ठेवायचं, प्रोग्राम भलत्याच फोल्डरमधून चालवून त्याची प्रत काढायची, आणि दोन्ही फाइली लिनक्सवर सीएमपीने, विंडोजवर एफसी /बी ने ताडून पाहायच्या.