वारसा वास्तूला नियमांतून सूट आहे, मग भूकंपाची तयारी कशी करायची?

नगरभवन, वाचनालय, न्यायालय, संग्रहालय किंवा जुनं नाट्यगृह तुमच्या देखभालीखाली असेल आणि ‘वारसा वास्तू’ म्हणून त्याला भूकंपाच्या नियमांतून सूट मिळाली असेल, तर तयारी त्या कागदापासूनच सुरू करा. सूट नेमकी कशातून आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करा. बहुतेक वेळा मुदत वाढवून दिलेली असते, नाहीतर नव्या इमारतीपेक्षा कमी बल धरून हिशेब करायची मुभा असते. कधी ठरावीक पद्धतीऐवजी पर्यायी पद्धत चालते, कधी दर्शनी भागाला हात न लावण्याची सवलत असते. तपासणीच नको, असं सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. तरीही कार्यालयात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की ‘आपल्याला ते लागू नाही’. हे तोंडी वाक्य पुसून टाकणं हे यादीतलं पहिलं काम.

देशोदेशीचे नियम हेच सांगतात. कॅलिफोर्नियात ऐतिहासिक इमारतींच्या संहितेनुसार भूकंपाचं बल नेहमीच्या पाऊणपट धरलं तरी चालतं, पण हिशेब करणं टळत नाही. इटलीत संरक्षित वास्तू नव्या इमारतीच्या तोडीची करायची सक्ती नाही, सुधारणा पुरते. मात्र कामाआधी इमारत किती सुरक्षित होती आणि नंतर किती झाली, हे आकड्यांत मांडावं लागतं. न्यूझीलंडने २०१६ साली कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार नव्या इमारतीच्या मानकाच्या ३४ टक्क्यांखाली भरणारी इमारत साधारणपणे धोकादायक ठरते आणि तशी सूचना इमारतीवर लावावी लागते. अव्वल श्रेणीच्या वारसा वास्तूच्या मालकाला दहा वर्षांपर्यंत वाढीव मुदत मागता येते, पण त्या काळात धोका कमी करायला शक्य ते सगळं करण्याची अट त्याच्या गळ्यात असते. भारतात दगड-विटांच्या इमारतींची तपासणी आणि मजबुती यांसाठी आयएस १३९३५ हे मानक आहे. वारसा समितीची परवानगी आणि संरचना अभियंत्याचा अहवाल ही दोन वेगळी कामं आहेत. एकाने दुसऱ्याचं भागत नाही.

कागद हातात आहे तोवर सवलत कधी संपते हेही पाहून ठेवा. वापर बदलला, गर्दीची क्षमता वाढवली, मोठी डागडुजी काढली किंवा वर मजला चढवला, की अनेक ठिकाणी नियम पुन्हा पूर्ण लागू होतात. वाचनालयाचं सभागृह समारंभांना भाड्याने देण्याचा ठराव होतो, तेव्हा हा मुद्दा कुणाच्याच ध्यानात नसतो. आणि आपत्ती नियंत्रण कक्ष जुन्या दिमाखदार वास्तूत थाटला असेल, तर तो आधी हलवा. इटलीत लाक्विला इथे ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात प्रीफेक्चरची, म्हणजे प्रांतीय प्रशासनाची, ऐतिहासिक इमारतच कोसळली. ज्या खोलीतून मदतीचे आदेश निघायचे, ती खोली सवलतीच्या आधारावर उभी ठेवण्यात अर्थ नाही.

आता इमारतीभोवती फेरी मारा, नजर वर ठेवून. सगळी इमारत मजबूत करायला वर्षं लागतील, पैसा लागेल, परवानग्या लागतील. पण माणसं बहुतेकदा ज्यामुळे दगावतात ते सगळं कडेला आणि उंचावर असतं: गच्चीचा कठडा, धुराडं, छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत, दर्शनी भागावरचे कलश आणि पुतळे, बाहेर काढलेली दगडी कड. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात सप्टेंबर २०१० च्या भूकंपात विटांच्या जुन्या इमारती खिळखिळ्या झाल्या होत्या. २२ फेब्रुवारी २०११ ला दुसरा धक्का बसला आणि त्यात एकूण १८५ माणसं गेली. विटांच्या इमारतींनी घेतलेल्या बळींपैकी बरेचसे आत नव्हते. ते रस्त्यावर होते, बसमध्ये होते, पदपथावर होते. म्हणून कठड्याला मागून लोखंडी टेकू देणं आणि त्रिकोणी भिंत छपराला बांधणं ही कामं यादीत सर्वांत वर असावीत. ती स्वस्तात होतात, बाहेरून दिसत नाहीत, आणि वारसा समितीही त्यांना क्वचितच हरकत घेते. माझ्या मते सूट मिळालेली असो वा नसो, एवढं काम न करण्याला कोणताही बहाणा चालू नये.

मग भिंती. तुळया भिंतीत नुसत्या टेकवल्या आहेत की लोखंडी पट्ट्यांनी जखडल्या आहेत, ते पोटमाळ्यावर जाऊन बघा. जखडलेल्या नसतील तर हादऱ्यात भिंत बाहेर कलते आणि तुळईचं टोक खोबणीतून निसटतं. दगडी भिंत जाड दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि चिपा, अशी रचना असेल तर दोन्ही थर सुटे होऊन ढासळतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत तेच झालं: मातीत रचलेल्या जाड भिंती, दोन्ही तोंडं जोडणारे आरपार दगड नाहीत आणि माथ्यावर मातीच्या धाब्याचं ओझं. सार्वजनिक वास्तूत चुना चांगला असेल, कारागिरी उत्तम असेल, पण आरपार दगड आहेत का हे एखाद्या ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

घुमट आणि कमानींच्या पाठीवर काय साठलंय तेही तपासा. इटलीतल्या आसिसीच्या बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या जुन्या चर्चमध्ये, छपराच्या शतकानुशतकांच्या दुरुस्त्यांमधून फुटकी कौलं आणि राडारोडा मेहराबींच्या, म्हणजे कमानदार छतांच्या, खांद्यांवर साचला होता. १९९७ च्या भूकंपात मेहराबी कोसळल्या त्यामागे हे सुटं ओझं एक मोठं कारण होतं. ते उतरवायला कुणाचीच मनाई नसते. आणि मजबुतीच्या नावाखाली लाकडी छप्पर काढून काँक्रीटची स्लॅब टाकायचा प्रस्ताव आला, तर थांबा. इटलीत जुन्या दगडी भिंतींवर अशी जड, ताठ छपरं बसवली गेली आणि पुढच्या भूकंपांत त्यांनीच भिंती फोडल्या. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा हाही असाच घातक उपकार. हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा आणि पुढे काढून टाकता यावा, हे इकोमॉस या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये मांडलेलं तत्त्व निविदेतच लिहून टाका.

पायाखाली रबर-शिशाच्या गाद्या बसवून इमारत जमिनीच्या हालचालीपासून सुटी करण्याचा मार्गही आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीची एकोणिसाव्या शतकातली नगर व काउंटी इमारत १९८९ मध्ये अशी सुटी केली. ऐतिहासिक वास्तूवरचा तो जगातला पहिला प्रयोग. खर्च प्रचंड असतो, पण आतल्या नक्षीकामाला फारसा धक्का लागत नाही. तुमच्याकडे हे झालेलं असेल तर सभोवार सोडलेली मोकळी फट मोकळीच आहे ना, ते दरवर्षी बघा. तिथे कुंड्या, पायऱ्या किंवा ताठ नळ आले की गाद्या असून नसल्यासारख्या.

आतल्या सामानाचं काम एका शनिवारात उरकतं: कपाटं आणि ग्रंथांच्या मांडण्या भिंतीला बांधा, झुंबराची साखळी आणि वरचा हुक तपासा, पुतळे चबुतऱ्याला जखडा, सुटलेला छताचा गिलावा उतरवा, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या हलवा.

माणसांचं नियोजन जास्त अवघड आहे. कठडा अजून बांधलेला नसेल, तर मुख्य दार हाच सर्वांत वाईट मार्ग ठरतो, आणि घाबरलेला माणूस नेमका तिकडेच धावतो. हादरा थांबेपर्यंत आत, बाहेरच्या भिंतीपासून आणि काचेपासून दूर, मजबूत टेबलाखाली राहायचं आणि नंतर ठरलेल्या दारानेच बाहेर पडायचं, याचा सराव कर्मचाऱ्यांकडून करून घ्या. त्या दारावर भक्कम छत उभारा. तात्पुरतं असेल तर परवानगीही लवकर मिळते. जमण्याची जागा इमारतीच्या उंचीपेक्षा लांब ठेवा. काम होईपर्यंत सज्जा किंवा वरचा मजला लोकांसाठी बंद ठेवावा लागला तर ठेवा, आणि दारावर स्पष्ट शब्दांत कारण लिहा. येणाऱ्याला आपण कोणत्या इमारतीत पाऊल टाकतोय हे कळायला हवं.

धक्क्यानंतर काय, हेही आजच ठरवा. आसिसीत २६ सप्टेंबर १९९७ ला पहाटेच्या हादऱ्यानंतर नुकसान पाहायला माणसं आत गेली होती. दुपारच्या सुमारास दुसरा हादरा बसला आणि मेहराब कोसळून त्यांतले चौघे गेले. त्यामुळे पहिली पाहणी बाहेरून, दुर्बिणीने किंवा ड्रोनने, आणि आत जाण्याचा निर्णय फक्त नेमलेल्या अभियंत्याचा, कितीही वरिष्ठ साहेब दारात उभे असले तरी. नकाशे, प्रत्येक भिंतीची छायाचित्रं आणि भेगांच्या जुन्या नोंदी यांची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. टेकूसाठी लाकूड आणि पत्रे कुठून येतील, ते पुरवठादाराशी आधीच ठरवा.

शेवटचं काम पाडकामाबद्दलचं. आणीबाणीत प्रशासनाला विशेष अधिकार मिळतात आणि वारशाचं संरक्षण बाजूला पडतं. क्राइस्टचर्चमध्ये अशा अधिकारांखाली कितीतरी जुन्या वास्तू जमीनदोस्त झाल्या. पाडण्याच्या आदेशावर सही होण्याआधी कोणत्या संरचना अभियंत्याला आणि कोणत्या वारसा अधिकाऱ्याला फोन जायलाच हवा, ते स्थानिक प्रशासनाकडून आत्ताच लेखी घ्या. पडलेले कोरीव दगड आणि लाकूड राडारोड्याच्या गाडीत न टाकता क्रमांक घालून वेगळे ठेवायचे, ही अट सफाईच्या कंत्राटात घाला आणि ते ठेवायला छप्पर असलेली जागा नक्की करा.