डिस्कवर जागा किती उरली, हे प्रोग्रॅममधून कसं विचारायचं

लिनक्सवर मोकळ्या जागेचा आकडा हवा असला की पुष्कळ जण प्रोग्रॅममधून डीएफ कमांड चालवतात आणि तिचं आउटपुट कापून आकडा काढतात. चार दिवस चालतं. मग माउंट पॉइंटच्या (फाइल सिस्टीम जिथे जोडली त्या डिरेक्टरीच्या) नावात स्पेस येते आणि रकाने सरकतात, किंवा सर्व्हरची भाषा बदलते आणि मथळे बदलतात. डीएफ जिथून आकडे घेते तिथूनच ते थेट घ्यावेत. त्यासाठीचा कॉल म्हणजे स्टॅटव्हीएफएस. तो पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टीमच्या सामाईक मानकात, असल्यामुळे मॅक आणि बीएसडीवरही मिळतो. लिनक्सवर सी लायब्ररी त्याच्या पोटात कर्नलचा स्टॅटएफएस कॉल करते. पायथनमध्ये तो ओएस मॉड्यूलमध्ये याच नावाने आहे.

कॉलला पाथ आणि एक रिकामं स्ट्रक्चर द्यायचं. शून्य परत आलं तर स्ट्रक्चर भरलं. उणे एक आलं तर कारण एररनो या व्हेरिएबलमध्ये. माउंट पॉइंटचाच पाथ हवा असं नाही, त्या फाइल सिस्टीमवरची कुठलीही फाइल किंवा डिरेक्टरी चालते. मात्र जी फाइल अजून तयारच व्हायची आहे तिचा पाथ देऊ नका, ईएनओईएनटी (अशी फाइल नाही) ही एरर येईल. तिच्या डिरेक्टरीचा द्या. फाइल आधीच उघडी असेल तर एफस्टॅटव्हीएफएसला तिचा डिस्क्रिप्टर दिला की झालं.

खरी गडबड होते ती स्ट्रक्चर वाचताना. त्यात ब्लॉकच्या आकाराची दोन फील्ड आहेत, एफ_बीसाइझ आणि एफ_एफआरसाइझ. ब्लॉकचे सगळे आकडे दुसऱ्याच्या एककात असतात; पहिलं फक्त वाचायला-लिहायला सोयीचा आकार सांगतं. लिनक्सवर एक्स्ट४ या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये दोन्ही बहुधा ४०९६ च असतात, म्हणून चुकीच्या फील्डने गुणलं तरी उत्तर बरोबर येतं आणि बग वर्षानुवर्षं लपून राहतो. तोच कोड मॅकवर नेला की तिथे एफ_बीसाइझ १०४८५७६ निघतं आणि डिस्क २५६ पट मोठी दिसते. गुणाकारही आधी ६४ बिटमध्ये कास्ट करूनच करा. ३२ बिट बिल्ड असेल तर फाइल ऑफसेट ६४ बिटचा ठेवणारा मॅक्रो लावा, नाहीतर मोठ्या डिस्कवर कॉल ईओव्हरफ्लो (आकडा फील्डमध्ये मावत नाही) ही एरर देऊ शकतो.

मोकळ्या जागेचीही दोन फील्ड आहेत. एफ_बीफ्री म्हणजे एकूण मोकळे ब्लॉक, एफ_बीअव्हेल म्हणजे साध्या युजरला मिळू शकणारे. एक्स्ट४ फॉरमॅट करताना सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखली जाते, म्हणून हे दोन आकडे जुळत नाहीत. समजा ब्लॉक ४०९६ बाइटचा, एकूण ब्लॉक २,५०,००,०००, बीफ्री ३०,००,००० आणि बीअव्हेल १७,५०,०००. बीफ्री धरलं तर १२.३ जीबी मोकळे दिसतात. तुमच्या प्रोग्रॅमला प्रत्यक्षात ७.२ जीबीच मिळणार. वापरलेले ब्लॉक काढताना मात्र एकूणमधून बीफ्री वजा करायचं, ते झाले २,२०,००,०००. टक्केवारी एकूण ब्लॉकवर काढली तर ८८ येते, डीएफ मात्र ९३ दाखवते. कारण डीएफ वापरलेल्याला ‘वापरलेले अधिक बीअव्हेल’ या बेरजेने भागते आणि अपूर्णांक वर ढकलते. अलार्म ९० टक्क्यांवर लावला असेल तर हा फरक भोवतो.

जागा आहे, तरीही लिहिताना ‘नो स्पेस’ येतंय? मग एफ_एफअव्हेल, म्हणजे साध्या युजरला उरलेले आयनोड, बघा. आयनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद; प्रत्येक फाइलला एक लागते. एक्स्ट४ मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅटच्या वेळीच ठरते, साधारणपणे १६ केबीला एक. मेलच्या किंवा सेशनच्या लाखो चिमुकल्या फाइलींनी आयनोड आधी संपतात आणि गिगाबाइट्स तसेच पडून राहतात. बीटीआरएफएस आणि फॅट मात्र एकूण आयनोड शून्य सांगतात. तिथे टक्केवारी काढायला गेलात तर शून्याने भागाल. आधी एफ_फाइल्स (एकूण आयनोड) तपासा.

बॅकअप स्क्रिप्टमधला नेहमीचा घोळ वेगळाच असतो. बाहेरची डिस्क माउंटच झालेली नसते, पण रिकामी डिरेक्टरी असतेच. कॉल मुकाट्याने शून्य देतो आणि आकडे मिळतात ते रूट फाइल सिस्टीमचे. त्यामुळे त्या डिरेक्टरीवर आणि तिच्या वरच्या डिरेक्टरीवर स्टॅट करून एसटी_डेव्ह (डिव्हाइसचा क्रमांक) ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर तिथे वेगळी फाइल सिस्टीम नाही. बाइंड माउंटला (एकच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही जोडलेली असते तेव्हा) ही युक्ती लागू पडेलच असं नाही, तिथे प्रॉकमधली माउंटइन्फो फाइल वाचावी. फाइल सिस्टीमचा प्रकारही तिथूनच घ्या. स्टॅटएफएसमध्ये प्रकार ओळखण्याचा मॅजिक नंबर मिळतो, पण एक्स्ट२, ३ आणि ४ या तिन्हींचा तो एकच आहे.

एनएफएस (नेटवर्कवरची फाइल सिस्टीम) हार्ड माउंट असेल, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून राहणारी असेल, आणि पलीकडचा सर्व्हर गेला असेल, तर हा कॉल एरर न देता लटकतो. कॉलला टाइमआउट नाही. मॉनिटरिंग करत असाल तर तो वेगळ्या प्रोसेसमध्ये करा आणि मुख्य प्रोसेसने ठरावीक वेळच वाट पाहावी.

मिळालेला आकडा त्या क्षणापुरता असतो. मोठी फाइल लिहायची असेल तर नुसतं बीअव्हेल पाहून पुढे जाऊ नका, पॉसिक्स_फॅलोकेटने जागा आधीच अडवून ठेवा. फाइल सिस्टीमला ती सोय नसेल तर जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) प्रत्येक ब्लॉकमध्ये एकेक बाइट लिहीत बसते, त्यामुळे वेळ लागू शकतो. आणि पॉसिक्स_फॅलोकेट उणे एक देत नाही: एररचा क्रमांक थेट परत करतो, एररनो बदलत नाही. स्टॅटव्हीएफएसची तपासणी जशीच्या तशी इथे चिकटवली, तर डिस्क भरलेली असूनही प्रोग्रॅम सगळं ठीक समजून पुढे जाईल.