दोन महायुद्धांमधील मुंबईचा कालपट कसा तयार करावा: सीमाभागातील वाचनालये आणि शाळांसाठी

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याआधीच्या मुंबई इलाख्याच्या (ब्रिटिश प्रांताच्या) काळातही येथील महसूल, न्याय आणि शिक्षण यांचे अंतिम निर्णय मुंबईतच होत असत. त्यामुळे ११ नोव्हेंबर १९१८ चा युद्धविराम आणि सप्टेंबर १९३९ मधील नव्या युद्धाचा आरंभ यांमधील मुंबईचा इतिहास हा खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या वाचकासाठी स्वतःच्या राजधानीचा इतिहास आहे. तो कालपटाच्या रूपाने वाचनालयाच्या भिंतीवर मांडायचा असेल, तर पुढील पद्धतीने काम करावे.

सर्वप्रथम प्रत्येक नोंदीसाठी तीन तारखांचे रकाने आखावेत: घोषणा किंवा पायाभरणी, प्रत्यक्ष काम आणि उद्घाटन. एकच तारीख लिहिल्यास कालपट समारंभांची यादी होऊन बसतो. गेटवे ऑफ इंडियाचे उदाहरण घ्यावे. त्याची पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी झाली, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले ते ४ डिसेंबर १९२४ रोजी. या तीन तारखांमधूनच मधल्या महायुद्धाची सावली दिसते. शेवटी ‘आपल्याकडे’ असा चौथा रकाना ठेवावा. गेटवेच्या ओळीत त्या रकान्यात २६ डिसेंबर १९२४ ही तारीख येईल, कारण त्या दिवशी बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन सुरू झाले आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होय. साम्राज्याच्या स्वागतकमानीचे उद्घाटन आणि हे अधिवेशन यांत जेमतेम तीन आठवड्यांचे अंतर आहे, आणि ते एका ओळीत वाचणाऱ्याला त्या वर्षाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

सर्वांत अधिक जागा बॅकबेच्या (दक्षिण मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील उथळ उपसागराच्या) भरणीला द्यावी, असे माझे ठाम मत आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. समुद्र हटवून १,१४५ एकर जमीन मिळवायची आणि गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या, अशी त्याची मोठी उद्दिष्टे होती. भरणीचा खर्च वाढत गेला, गाळ उपसण्याचे काम अपेक्षेपेक्षा मागे पडले आणि मुंबईचे वकील व काँग्रेस नेते खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कायदेमंडळात व वृत्तपत्रांतून या कारभारावर सातत्याने हल्ला चढविला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले, आणि १९२६ मध्ये चौकशी समितीही नेमली गेली. अखेरीस सुमारे ४४० एकरांवर काम थांबले. म्हणून ‘बॅकबे भरणी पूर्ण’ एवढेच लिहू नये; ठरविलेले आणि झालेले क्षेत्र शेजारी शेजारी लिहावे. कामगारांच्या खोल्यांसाठी बांधलेल्या चाळींच्या बाबतीतही हेच करावे. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, आणि त्यांतील सुमारे १६,००० खोल्या ठरविलेल्या संख्येच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी होत्या. या घरबांधणीसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसविण्यात आला होता. धारवाड-हुबळीकडचा कापूसही मुंबईच्या बाजारात जात असे, ही गोष्ट ‘आपल्याकडे’च्या रकान्यात अवश्य यावी.

रेल्वेच्या नोंदी नकाशासह द्याव्यात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी धावली, जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई सेंट्रल स्थानक उघडले आणि कुलाबा स्थानक बंद झाले. बेळगावहून जाणारी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची गाडी मीटर गेजची (अरुंद रुळांची) होती, त्यामुळे मुंबईच्या प्रवाशाला पुण्यात उतरून ब्रॉडगेजची (रुंद रुळांची) गाडी धरावी लागे. नकाशात पुण्याच्या ठिकाणी ही अदलाबदल दाखवावी.

बस (१५ जुलै १९२६), नभोवाणी केंद्र (२३ जुलै १९२७), जुहूचा विमानतळ (१९२८), जे. आर. डी. टाटा यांचे कराची-मुंबई टपाल उड्डाण (१५ ऑक्टोबर १९३२), रीगल चित्रपटगृह (१९३३) आणि ब्रेबॉर्न स्टेडियम (१९३७) यांना एकेक ओळ पुरे.

मात्र इमारतींपुरताच कालपट ठेवू नये. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या गिरणी संपाला स्वतंत्र ओळ हवी. १९२१ च्या शिरगणतीत पावणेबारा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या १९३१ मध्ये किंचित घटली, हेही नोंदवावे. ज्या दशकात एवढे बांधकाम झाले त्याच दशकात माणसे वाढली नाहीत, हा विरोधाभास विद्यार्थ्यांनी चर्चेला घ्यावा.

साधने गोळा करताना जुन्या ‘केसरी’चे आणि बेळगावात १९१९ मध्ये सुरू झालेल्या ‘तरुण भारत’चे उपलब्ध अंक पाहावेत, पण अंकाची तारीख घटनेची तारीख म्हणून उतरवू नये. सरकारी अहवालांतील वर्ष बहुधा आर्थिक असते, म्हणून ‘१९२६-२७’ असे दिसल्यास महिना शोधल्याशिवाय एक वर्ष ठरवू नये. मुंबईला नोकरीस गेलेल्यांच्या घरी जुनी पत्रे आणि मनीऑर्डरच्या पावत्या सापडतात. त्यांवरील टपाल शिक्क्यावरून ठिकाण आणि दिवस पडताळता येतो. कागद मूळ मालकाकडेच ठेवावा आणि त्याच्या संमतीने छायाचित्र घ्यावे.

अलेक्झांड्रा डॉकसारखी तत्कालीन नावे मुख्य ओळीत आणि इंदिरा डॉकसारखी आजची नावे त्याखाली लहान अक्षरांत लिहावीत. मजकूर मराठीत ठेवून वर्षे आणि शीर्षके कन्नडमध्येही द्यावीत, म्हणजे शेजारच्या कन्नड शाळेतील मुलांनाही तो तक्ता वाचता येईल.